वीजमीटरची अर्ध्या तासाची नोंद आणि छपरावरचे ऊन

(द्वितीय वर्ष कला)

पेण काय किंवा रोहा काय, आपल्या आळीत एखाद्या तरी गच्चीवर सोलर पॅनेल चढलेले आता प्रत्येकाने पाहिले असेल. केंद्र शासनाची ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून या विषयाची चर्चा चहाच्या टपरीपासून हळदीकुंकवापर्यंत सर्वत्र चालते. त्याच सुमारास जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवण्याचे कामही सुरू झाले. सोलरचे कौतुक होते, मीटरबद्दल कुरकुर होते. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे कोणी फारसे बोलत नाही. वस्तुतः आपल्या छपरावर किती पॅनेल बसवावेत या प्रश्नाचे उत्तर त्या मीटरच्या पोटात लिहिलेले असते. ते कसे वाचावे हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. तेव्हा बेरीज, वजाबाकी आणि प्रथम वर्षाचे अर्थशास्त्र एवढ्याच भांडवलावर हे लिहीत आहे, हे सुज्ञ वाचकांनी लक्षात घ्यावे.

विजेची मागणी तासागणिक बदलते, ही कल्पना आपल्या भागातील लोकांना खरे तर नवी असू नये. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली आणून भिरा येथे १९२७ पासून वीज तयार होते. याच मुळशी धरणासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. ती वीज मुंबईसाठी. मुंबईला गरज लागते तेव्हा वीजघर चालते आणि जनित्रांतून सुटलेले पाणी कुंडलिकेला येऊन मिळते. कोलाडला तराफे चालवणारे लोक भर उन्हाळ्यातही पाणी सुटण्याची वाट पाहत काठावर थांबतात ते यामुळेच. म्हणजे मुंबईच्या दिवसभराच्या वीजवापराचा आलेख आपल्या नदीच्या पाण्यात उमटतो. घराचाही असाच आलेख असतो. तो आजवर कोणी काढत नव्हते, एवढेच.

जुना मीटर फक्त एकूण बेरीज सांगे. महिन्यापूर्वी अमुक आकडा, आज तमुक, वजाबाकी करा, झाले बिल. स्मार्ट मीटर मात्र ठरावीक अंतराने, अर्ध्या तासाने किंवा पंधरा मिनिटांनी, तेवढ्या वेळातला वापर वेगळा नोंदवून ठेवतो. अर्ध्या तासाची नोंद धरली तर दिवसाला ४८ आकडे होतात. महिन्याच्या बिलाला जर वार्षिक परीक्षेचा निकाल म्हटले, तर या ४८ नोंदींना रोजची हजेरी म्हणता येईल.

आता आमच्या घरचे उदाहरण घेते. आम्ही रोह्यात राहतो. वडील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीने काम करतात. घरात तीन पंखे, एक फ्रीज, टीव्ही, मिक्सर, आणि विहिरीवर अर्ध्या अश्वशक्तीचा पंप. महिन्याचा वापर १६८ युनिटच्या आसपास, म्हणजे दिवसाला सुमारे ५.६ युनिट. रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात दर अर्ध्या तासाला ०.१४ युनिटच्या आसपास आकडा दिसतो; तो तीन पंख्यांचा आणि फ्रीजचा. सकाळी साडेपाच-सहाला एक उंच शेंडा येतो. तो पंपाचा आणि आईच्या मिक्सरचा. त्यानंतर दुपारभर आकडा निम्म्यावर उतरतो आणि संध्याकाळी सात नंतर पुन्हा चढतो. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या आठ तासांत, म्हणजे ऊन असते त्या काळात, आमच्या घरी जेमतेम १.१ युनिट खर्च होतात. दिवसाचा पाचवा हिस्सा. बाकी सारी वीज आम्ही अंधारात वापरतो.

वडिलांची रात्रपाळी असते त्या आठवड्यात मात्र चित्र वेगळे दिसते. रात्रीचा एक पंखा बंद आणि सकाळी ते झोपतात तेव्हा तोच पंखा दुपारपर्यंत चालू. त्या आठवड्यात ९ ते ५ चा वापर १.६ युनिटपर्यंत जातो. दिवसाची बेरीज तीच, ५.६. छापील बिलाला याचा पत्ताही लागत नाही. धाटाव परिसरात पाळीने काम करणारी घरे पुष्कळ आहेत. शाळामास्तरांच्या घराचा आलेख आणि पाळीवाल्याच्या घराचा आलेख एकाच बिलाच्या दोन घरांतही जुळणार नाही. सोलर विकायला येणारे गृहस्थ मात्र दोन्ही घरांत बिलाचा एकच आकडा पाहून एकच सल्ला देतात.

तो सल्ला बहुधा असा असतो : “तीन किलोवॅट बसवा. अनुदान ७८ हजार मिळते.” अनुदानाचा आकडा खरा आहे. पण तो कसा बनला आहे हे पाहावे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार. तीनच्या पुढे अनुदान वाढत नाही. म्हणजे शासनानेच तिसऱ्या किलोवॅटला हात आखडता घेतला आहे. आमच्या घरी पतपेढीचे कर्ज काढून तीन किलोवॅट बसवावे की काय, असा विचार चालू आहे, म्हणून हा प्रश्न माझ्यापुरता केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही.

आपल्याकडे एक किलोवॅटच्या पॅनेलमधून महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात, असे महावितरणही सांगते. त्यासाठी सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. आता बिलातील दराचे टप्पे पाहा. घरगुती ग्राहकाला पहिले १०० युनिट कमी दराने मिळतात. १०१ ते ३०० या टप्प्याचा दर त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. आमच्या १६८ युनिटांपैकी १०० स्वस्त आणि ६८ महाग. पहिल्या किलोवॅटचे १२० युनिट आले की आधी ते महाग ६८ युनिट नाहीसे होतात, शिवाय स्वस्तातले ५२ जातात. दुसरा किलोवॅट बसवला तर उरलेले ४८ स्वस्त युनिट जातात आणि ७२ युनिट जास्तीचे म्हणून महावितरणच्या तारेत जातात. तिसऱ्या किलोवॅटचे सर्वच्या सर्व १२० युनिट तारेत. स्थिर आकार कशानेही जात नाही. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त आपण प्रथम वर्षाला आंबे खाण्याच्या उदाहरणाने शिकलो. पहिला आंबा गोड, दुसरा बरा, तिसरा नकोसा. पाठ्यपुस्तकातला तिसरा आंबा निदान फुकट तरी असतो. इथे तो कर्जाने घ्यायचा आहे.

यावर कोणी विचारील की तारेत गेलेले युनिट वाया थोडेच जातात? प्रश्न रास्त आहे, आणि त्यासाठी नेट मीटरिंगची पद्धत समजून घ्यावी लागेल. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार, दुपारी आपण तारेत सोडलेले युनिट आपल्या खात्यावर जमा होतात आणि आपण घेतलेल्या युनिटांतून वजा होतात. एका महिन्यात शिल्लक उरली तर ती पुढच्या महिन्यात ओढली जाते. वीज मंडळाची तार म्हणजे जणू युनिटांची बँक. पण या बँकेचे खाते दर वर्षी ३१ मार्चला बंद होते. त्या दिवशी जी शिल्लक असेल ती आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतली जाते. हा दर आपण महागड्या टप्प्यात मोजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. आणि १ एप्रिलला पाटी पुन्हा कोरी.

ही ३१ मार्चची रेघ कोकणात फार जाचक ठरते, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे पेणच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

पेणच्या गणपतींविषयी वेगळे सांगायला नको. शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी कारखाने आहेत आणि पेणच्या गणेशमूर्तींना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. माझी आत्या त्याच पट्ट्यात राहते. तिच्या घराच्या पडवीतच कारखाना आहे. घराचा आणि कारखान्याचा मीटर एकच. असे चालते का, असा प्रश्न पडेल. तर राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत व वर्षाचा ३६०० पर्यंत असेल तर घरगुती दरच लागतो, अशी दर-आदेशात तरतूद आहे. पुष्कळ कारागिरांना ती माहीत नसते, म्हणून मुद्दाम येथे नमूद केली.

आत्याच्या घरी एरवी महिन्याला १०० युनिट पुरतात. पण जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत वापर २८० च्या घरात जातो. रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर, रात्री उशिरापर्यंतचे दिवे, आणि ओलसर हवेत मूर्ती वाळाव्यात म्हणून रात्रंदिवस चालणारे पंखे. जगाला ऊन हवे असते तेव्हा ते असते. पेणला नेमके हवे असते तेव्हा आभाळ भरलेले असते! जुलैत पॅनेलची वीज मे महिन्याच्या निम्म्यावर येते.

आता वरवरचा हिशेब करून पाहू. नऊ महिने १०० प्रमाणे ९०० आणि तीन महिने २८० प्रमाणे ८४०, एकूण वर्षाला १७४० युनिट. महिन्याची सरासरी १४५. भागिले १२०. उत्तर येते १.२ किलोवॅट. वर्षभरात १.२ किलोवॅटमधून १७२८ युनिट मिळतील; फरक अवघा १२ युनिटांचा. कोणीही म्हणेल, बिल जवळजवळ शून्य.

परंतु महिन्यांची मांडणी केल्यावर वेगळेच दिसते. समजुतीसाठी एका किलोवॅटमागे एप्रिल-मे मध्ये प्रत्येकी १४०, जूनला १००, जुलैला ७०, ऑगस्टला ७५, सप्टेंबरला १०५ आणि ऑक्टोबर ते मार्च प्रत्येकी १३५ युनिट धरू. (ऊन दर वर्षी सारखे नसते, हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत.) १.२ किलोवॅटला एप्रिल आणि मे मिळून १३६ युनिट शिल्लक पडतात. जूनमध्ये १६० कमी पडतात. शिल्लक सारी संपते आणि वर २४ विकत घ्यावे लागतात. जुलैत १९६ विकत, ऑगस्टला १९० विकत. एकूण ४१० युनिट पूर्ण दराने, त्यातले बरेचसे महागड्या टप्प्यातले. पुढे सप्टेंबरपासून मार्चपर्यंत ३९८ युनिट साठतात आणि ३१ मार्चला कमी दराने निघून जातात. वर्षाची बेरीज तीच, उणे १२. पण एका हाताने महाग घेतले आणि दुसऱ्या हाताने स्वस्त दिले.

हेच खाते ३१ मार्चऐवजी ३० सप्टेंबरला बंद होत असते तर? ऑक्टोबर ते मे या काळात ५०८ युनिट साठले असते, पावसाळ्याची तूट ५४६. फक्त ३८ युनिट विकत घ्यावे लागले असते! पॅनेल तेच, ऊन तेच, कारागीरही तोच. केवळ कॅलेंडरवरची रेघ हलली. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते हे कार्यालयांच्या सोयीचे आहे. पेणच्या कारागिराचे वर्ष अनंत चतुर्दशीला संपते. निदान कोकणापुरती ही मुदत बदलता येईल की नाही, याचा विचार आयोगापुढे कोणीतरी मांडायला हवा. आयोग दर ठरवताना लोकांच्या सूचना मागवतो, त्या मराठीतही देता येतात.

तोपर्यंत आत्यासारख्या घराने काय करावे? सरासरीला भुलू नये. पॅनेल वाढवून जुलै भरून काढायला जावे तर हिवाळ्यातली फुकट जाणारी शिल्लक आणखी वाढते. त्यापेक्षा पंखे बदलण्यात अधिक फायदा दिसतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पद्धतीचा पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० च्या आसपास. मूर्ती वाळवायला चार पंखे रोज वीस तास चालत असतील तर महिन्याला शंभरावर युनिट वाचतात, तेही नेमक्या महागड्या महिन्यांत. छपरावर चढण्याआधी छताकडे पाहावे, असे मला वाटते.

येथे एक शंका उरतेच. नेट मीटरिंगमध्ये तासाला महत्त्व नाही, महिन्याला आहे, असे वरच्या हिशेबावरून दिसते. मग अर्ध्या तासाच्या नोंदीची गरज काय? महिन्याची बिले जपून ठेवली तरी पुरे! बऱ्याच अंशी हे खरे आहे, आणि ज्यांच्याकडे अजून जुना मीटर आहे त्यांनी बारा बिले समोर ठेवून हा हिशेब जरूर करावा. परंतु तासांनाही आता किंमत येऊ लागली आहे. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत सुरू झाली. तिची सुरुवात युनिटला ८० पैशांपासून आहे. आमचा पंप आणि इस्त्री सकाळी सहाऐवजी दहाला चालवली तर महिन्याला फार तर वीस युनिट सरकतील, म्हणजे सोळा रुपये. आईने यावर “मग पाणी दहाला भरायचं आणि सकाळी काय करायचं?” असे विचारले. त्याला उत्तर नाही. विजेच्या वेळा सरकवा असे सांगणारे लोक प्रत्यक्षात घरातल्या बाईच्या कामाच्या वेळा सरकवायला सांगत असतात, हे त्या ४८ आकड्यांकडे पाहताना ध्यानात आले. साडेपाचचा तो शेंडा तिच्या दिवसाची सुरुवात आहे.

दुसरे कारण बॅटरीचे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते हे नवीन नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा रायगडातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. घरावर पॅनेल असले की वीज गेली तरी आपले दिवे चालू राहतील असा पुष्कळांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. नेट मीटरचे साधे सोलर तारेतली वीज गेली की स्वतःही बंद पडते, आणि ते तसेच पडायला हवे. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरची वीज धक्का देईल. अंधारात दिवे हवे असतील तर बॅटरी लागते. ती किती मोठी, हे फक्त रात्रीच्या नोंदींवरूनच कळते. आमच्या घरी रात्री अकरा ते सहा सुमारे १.९ युनिट लागतात. फक्त दोन पंखे आणि दोन दिवे चालवायचे ठरवले तर एकाच्या आसपास भागते. महिन्याच्या १६८ या आकड्यातून हे कोणालाही काढता येणार नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते कोणी सांगत नाही. पॅनेल बसल्यावर मीटरला घराचा खरा वापर दिसेनासा होतो. दुपारी घरात पंखा चालू आहे, पॅनेल वीज देत आहे. पंख्याने खाऊन उरलेली वीजच तेवढी मीटरपर्यंत पोहोचते. तेव्हा खरा वापर काढायचा तर पॅनेलची निर्मिती अधिक तारेतून घेतलेली वीज, वजा तारेत दिलेली वीज, असे तीन आकडे जुळवावे लागतात. म्हणून पॅनेल बसवण्यापूर्वीच्या वर्षाची नोंद उतरवून ठेवावी. ती पुन्हा मिळत नाही. संगणक नसला तरी अडत नाही. मे, जुलै आणि डिसेंबर यांतला एकेक आठवडा निवडावा, आलेखाच्या वहीत आडवे तास आणि उभे युनिट मांडावेत, आणि ९ ते ५ या पट्ट्याला पेन्सिलीने छाया द्यावी. मी तशीच वही केली आहे. पहाटे तीनचा आकडा मुद्दाम पाहावा. सारे झोपलेले असताना जेवढी वीज जाते ती घराची किमान गरज, आणि ती अनपेक्षितपणे जास्त आली तर जुना फ्रीज तपासावा.

ही वही दुसऱ्याच्या हाती देताना मात्र जपावे. तिच्यात नुसती वीज नाही. वडिलांची रात्रपाळी कोणत्या आठवड्यात, शिमग्याला घराला कुलूप किती दिवस, कोण किती वाजता उठते, हे सर्व त्यात वाचता येते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. राज्यशास्त्राच्या तासाला हा निकाल मला फार दूरचा वाटला होता. सोलरवाल्याला सल्ल्यासाठी तारखांशिवायची बेरीज पुरते. सगळा आलेख त्याच्या मोबाइलवर पाठवण्याचे कारण नाही. स्मार्ट मीटरवरून राज्यात बराच वाद झाला आहे, सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही अशी घोषणाही जून २०२४ मध्ये शासनाला करावी लागली. त्या वादात येथे शिरत नाही. मीटर दारात आलाच आहे, तर त्याने लिहिलेले आधी आपण वाचावे, इतकेच.

छपराविषयी थोडे. रोहा साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पेण त्याच्या किंचित उत्तरेला. त्यामुळे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १८-१९ अंशांच्या उतारावर असावे. आपल्याकडची अडचण वेगळीच असते. कौले, पत्रे आणि माडाची सावली. एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी त्याच्याबरोबर एका साखळीत जोडलेल्या इतरांची वीज घटते. कौलारू घराला वेगळा सांगाडा लागतो आणि वादळाचा वारा सोसेल इतका तो मजबूत हवा. त्याचा खर्च दरपत्रकात वेगळा लिहून मागावा. आमच्या घराला स्वयंपाकघरावर तेवढा स्लॅब आहे, साधारण एकशे वीस चौरस फूट. म्हणजे एक किलोवॅट. आकड्यांनीही तेच सांगितले होते. वडिलांना मी वही दाखवली. त्यांनी रात्रपाळीच्या आठवड्याचे पान बराच वेळ पाहिले आणि पतपेढीचा अर्ज तूर्त बाजूला ठेवला आहे. डिसेंबरचा आठवडा अजून उतरवायचा आहे.